चर्चच्या स्टॉलवरचं रंगीत कॅलेंडर २०२६ : घ्यावं का?

आमच्या वसईत नाताळच्या आधी रविवारची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) सुटली की चर्चबाहेर टेबल लागतं, मेणबत्त्या, गोठ्याचं सामान, जपमाळा आणि कॅलेंडरं. त्यातलं जे चर्चच्या काळांप्रमाणे रंग दिलेलं भिंतीवरचं मराठी कॅलेंडर असतं ना, त्याचा हा रिव्ह्यू. कोणी छापलंय ते लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत.

कालनिर्णय घरात आहेच, ते काढायचा प्रश्नच नाही, दुधाचा हिशोब त्याच्यावरच लिहिलेला असतो. पण त्यात गुड फ्रायडे, ईस्टर, नाताळ या तारखा मिळतात, मधल्या दिवसांचं काय ते कळत नाही. ह्याच्यात प्रत्येक चौकोनाला रंगाची पट्टी आहे, जांभळी म्हणजे आगमनकाळ (नाताळच्या आधीचे चार आठवडे) नाहीतर उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस), पांढरी नाताळ आणि ईस्टरच्या काळाला, लाल पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतरचा पवित्र आत्म्याचा सण) आणि हुतात्मा संतांना, आणि हिरवी सामान्य काळाला, म्हणजे उरलेल्या दिवसांना. फादर त्या दिवशी वेदीवर ज्या रंगाचा झगा घालतात तोच. खाली बारीक अक्षरात त्या दिवसाची बायबलची वाचनं.

मी घेतलं होतं खरं तर उपवासकाळासाठी. या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला, त्याच आठवड्यात रमजान पण सुरू झाला, त्यामुळे ऑफिसात आम्ही बरेच जण डब्याच्या बाबतीत एकाच बोटीत होतो. प्रत्येक शुक्रवारी छोटा मासा छापलाय, म्हणजे आज मटण-चिकन नाही. आता यावर बोलायचं तर वसईच्या माणसाला शुक्रवारी मासे खा म्हणून सांगणं ही काय शिक्षा झाली का, पापलेटचा भाव बघा आणि चिकनचा बघा, त्यागाच्या नावाखाली आमच्याकडे मस्त कालवण व्हायचं. शेवटी आईनेच एका शुक्रवारी फक्त डाळभात केला आणि वाचलेले पैसे चर्चच्या पेटीत टाकायला लावले. सक्तीचा उपास फक्त दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तो पण १८ ते ५९ वयाच्यांना. मांसाहार वर्ज्य १४ पासून. हे नियम फेब्रुवारीच्या पानामागे नीट दिलेत, घरातली भांडणं वाचतात.

पण माझ्या मते ह्या कॅलेंडरचे पैसे वसूल होतात ते पावसाळ्यात, आणि हे कोणी सांगत नाही. २४ मेला पेंटेकॉस्ट झाला की सामान्य काळ परत सुरू, १४ जूनपासून रविवार पण हिरवे, ते थेट नोव्हेंबरपर्यंत. सण नाही, मिरवणूक नाही, नुसती हिरवी पट्टी. आधी मला वाटायचं हा सगळा रिकामा वेळ, पुढच्या नाताळपर्यंत ढकलायचा. यंदा रोज सकाळी चहा उकळेपर्यंत वाचन बघायची सवय लागली (मोबाइलवर पण मिळतात, पण मोबाइल हातात घेतला की आधी व्हॉट्सअपच उघडतं) आणि १२ जुलैला आलं बायबलमधलं मत्तय १३, पेरणाऱ्याचा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा). बाहेर धो धो पाऊस, उरल्यासुरल्या शेतांत लावणी चाललेली. आई ऐकून म्हणाली, "वाटेवर बी टाकतो, खडकावर टाकतो, ह्याला शेती येत नाही रे." मग जरा वेळाने म्हणे, "का देवाला बियाणं महाग नाही म्हणून टाकत असेल." प्रवचनापेक्षा हेच माझ्या लक्षात राहिलं, फादरांना सांगू नका.

पुढच्या रविवारी, १९ ला, गहू आणि निदण. भातात पण असंच तण येतं, कणीस येईपर्यंत भातासारखंच दिसतं, आणि आईचं माहेर शेतकऱ्यांचं असल्यामुळे तिच्याकडे या विषयावर भरपूर मटेरियल. कोणाला निदण म्हणायचं यावरून दोन-तीन नातेवाइकांची नावं पण निघाली, आणि दाखल्यात मालक म्हणतो की कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, ते वाचून तिने विषय बंद केला. या वर्षी रविवारची शुभवर्तमानं (येशूच्या आयुष्यावरची बायबलमधली वाचनं) मुख्यतः मत्तयची आहेत, तीन वर्षांचं चक्र असतं, पुढच्या वर्षी मार्क. ते मला इतकी वर्षं मिस्सेला जाऊन याच कॅलेंडरमुळे कळलं.

अजून आवडलेलं म्हणजे १ मेचा चौकोन. महाराष्ट्र दिन, कामगार दिन आणि कामगार संत जोसेफ, तिन्ही एकाच ठिकाणी. तो सण बाराव्या पायस पोपनी १९५५ साली मुद्दाम कामगार दिनाला ठेवला. सुताराच्या नावाने सुट्टी, मला तरी भारी वाटतं. १५ ऑगस्टला तिरंगा आणि मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, त्यामुळे मिस्सा पण आणि झेंडावंदन पण.

आता तक्रारी. एक तर वाचनांचा फॉन्ट इतका बारीक की आईला चष्मा लावून पण दिसत नाही. जांभळा रंग छपाईत निळा आलाय. १५ मार्चचा रविवार, उपवासकाळातला चौथा, गुलाबी असतो, तो सरळ जांभळाच छापला. आणि सगळ्यात वाईट, सरकारी सुट्ट्या पण लालच दाखवल्यात आणि हुतात्म्यांचे दिवस पण लाल, पोरगा विचारतो आज शाळेला सुट्टी का, अरे नाही बाबा, आज संत थॉमस.

आणि जानेवारी ते डिसेंबर का? चर्चचं वर्ष आगमनकाळाला सुरू होतं, म्हणजे नवीन वर्षाचा पहिला महिना कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर. पहिल्या जांभळ्या रविवारी पान उलटायची मजाच जाते.

तरी घ्या, शंभराच्या आत येतं, कागद जाड आहे, खिळ्याचं भोक फाटलं नाही अजून. २०२७ चं हवं असेल तर डिसेंबरची वाट बघू नका, यंदा २९ नोव्हेंबरलाच आगमनकाळ सुरू होतोय, आणि घेताना उघडून बघा डिसेंबर २०२६ चं जादा पान जोडलंय का, काही जण जोडतात.