सात पंक्चर, एकही खिळा नाही

चार दिवस लिहू की नको करत होतो. लाज वाटते, खोटं कशाला बोलू. वय ५१, गाडी चालवतोय २४ वर्षं, आणि हवा भरणाऱ्या एका पोराने मला २,७०० रुपयांना गंडवलं. त्यापायी पुढे जे गेले ते धरले तर १०,४५०.

पंपावरचा पंक्चरचा खेळ, म्हणजे हवा बघायच्या निमित्ताने टायरला गुपचूप भोकं पाडायची आणि ती बुजवायचे पैसे उकळायचे, तुम्हाला माहीत असेल, त्यामुळे तो जास्त समजावत बसत नाही. मलाही माहीत होता. त्याचा व्हिडिओ मीच तिघांना पुढे पाठवला होता. तेव्हा ‘मला नाही कोणी फसवणार’ असं ज्यांना वाटतंय, त्यांनीच जरा नीट वाचा.

रविवारी सकाळी पुण्याहून कोल्हापूरला निघालो. मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा, साडेबाराचा मुहूर्त. गाडीत मी, बायको आणि आई. आई ७६ वर्षांची, गुडघे गेलेले. खंबाटकी उतरल्यावर तिला बाथरूमला जायचं होतं म्हणून साताऱ्याच्या अलीकडे एका पंपावर थांबलो. पंपाचं नाव लिहीत नाही, वकील मित्राने हात जोडलेत.

बायको आईला हाताला धरून घेऊन गेली. पोरगा हवेचा पाइप ओढतच आला. ‘साहेब, मागचं डावं बसलंय, बघून घ्या.’ पंपावर हवा फुकट असते, नाही कशाला म्हणायचं? त्याने पाइप लावला. फुस्स आवाज जरा जास्तच वेळ आला, तो माझ्या कानांनी ऐकला. मग म्हणाला, ‘बावीस.’ मी वाकून पाहिलं. बावीसच होतं. असणारच, वरचे बारा-चौदा आकडे त्यानेच सोडले होते!

आता माझ्या जिवाला लागलेली गोष्ट सांगतो. माझ्या गाडीला टायरच्या हवेचे सेन्सर आहेत. चारही चाकांचे आकडे समोर स्क्रीनवर दिसतात. घाट चढताना बायको म्हणाली होती, ‘चारही छत्तीस दाखवतंय, जास्त नाही ना?’ मीच तिला शिकवलं होतं की टायर तापला की आकडा दोन-तीनने चढतो, काळजी करू नकोस. म्हणजे पंधरा-वीस मिनिटांपूर्वी छत्तीस. एखादा टायर बसायला लागला असता तर गाडीने लाल दिवा लावून टिंगटिंग केलं असतं. पैसे मोजून घेतलेलं हे फीचर, आणि मी विश्वास ठेवला कोणावर, तर त्या पोराच्या बोटावर. पंपावर गाडी बंद होती, स्क्रीन काळी होती, हे खरं आहे. पण चावी फिरवायला कितीसा वेळ लागतो? ‘छत्तीस होतं’ हे वाक्य घरात रोज एकदा ऐकतोय.

मग साबणाचं पाणी आलं. त्याच्या डाव्या हातात ओलं फडकं होतं. फडकं टायरवरून फिरायचं आणि ते सरकलं की मागे बुडबुडा. ‘हे एक साहेब. थांबा, इथे पण.’ गाडी हातभर पुढे घ्यायला लावली, आणखी तीन. एकूण सात. फडक्याच्या आत टोच्या होता हे आज कळतंय. पण सात भोकं आणि एकही खिळा नाही! खिळा नाही, तार नाही, काच नाही. सात भोकांचा टायर घेऊन मी खंबाटकी उतरलो? एवढा साधा प्रश्न डोक्यात आला नाही. डोक्यात फक्त साडेबारा वाजत होते.

आणि दुसरी भीती होती ती स्टेपनीची. माझ्या गाडीला स्टेपनीच नाही. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला: ट्यूबलेस टायर, हवेचे सेन्सर आणि पंक्चरचं किट (भोक बुजवणारं पातळ आणि छोटा कॉम्प्रेसर) असेल तर छोट्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. शोरूममधल्या मुलाने हे ‘सुविधा’ म्हणून सांगितलं होतं, ‘सर, डिकीत जागा किती मिळते बघा.’ जागा मिळाली. त्यात आईची व्हीलचेअर बसते, बरोबर आहे. पण हायवेवर उभा राहिलो की मी पूर्ण परस्वाधीन. किट आहे म्हटल्यावर पोरगा काय म्हणाला? ‘ते लिक्विड टाकलं की टायर बाद साहेब, सेन्सरपण जातो.’ यात अर्धं खरं आहे, त्या चिकट पातळाने सेन्सर खराब होऊ शकतो. अर्धं खरं बोलणाऱ्यापुढे आपण लवकर पडतो.

दर ठरला मशरूमचा. मशरूम म्हणजे टायर रिमवरून उतरवून आतून लावतात ते पंक्चर. सात गुणिले ३५० म्हणजे २,४५०. खोलणं-बसवणं १५०. चार टायरना नायट्रोजन, ५० प्रमाणे २००. एकूण २,८००. मी घासाघीस करून २,७०० वर आणले आणि वर स्वतःवर खूश झालो! चाक त्यांनी शेडच्या मागे नेलं. मी गेलो नाही, आई तेवढ्यात परत आली होती आणि उन्हात उभी होती. (चाक नजरेआड जाऊ देऊ नका. काढायच्या आधी टायरचा व्हिडिओ घ्या, पंक्चरवाल्याचा चेहरा बदलतो की नाही बघा.) २,००० फोनवरून दिले, क्यूआरवर कुठल्यातरी बाईचं नाव आलं. ७०० रोख मागितले, दिले.

परत आल्यावर पुण्यातल्या नेहमीच्या टायरवाल्याने चाक उघडलं. आतून एकही मशरूम नाही. सातही बाहेरून खुपसलेल्या काळ्या चिकट वाद्या, आमच्याकडे त्याचे शंभर घेतात. त्यातल्या दोन टायरच्या खांद्यावर, बाजूच्या भिंतीला लागून, जिथे पंक्चर काढायचंच नसतं. तो म्हणाला, ‘काका, हा घेऊन शंभरच्या स्पीडने जाऊ नका.’ नवा टायर ७,४००, फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह ३५०.

आता तक्रारीचं ऐका. पंपाच्या मॅनेजरला फोन केला. ‘तो मुलगा आमचा नाही, जागा भाड्याने दिलीय.’ फुकट हवेचा पाइप पंपाचा, पण माणूस पंपाचा नाही. तक्रार वही आहे का? ‘साहेबांच्या कपाटात आहे, किल्ली साहेबांकडे.’ ऑनलाइन तक्रार केली. तिसऱ्या दिवशी ‘डीलरने आरोप नाकारला आहे’ असं लिहून बंद. खाली पाच चांदण्या, तुमचं समाधान झालं का म्हणून! विम्यासोबत घेतलेली रस्त्यावरची मदत? ‘सर, पंक्चर तर निघालंय ना?’

घराजवळच्या पोलीस ठाण्यात गेलो. गुन्हा तिकडचा, तिकडे जा. तिकडे फोन केला तर समक्ष या. म्हणजे २,७०० साठी शंभर किलोमीटर जा, शंभर या. मी घराजवळच्या ठाण्यातल्या साहेबांना म्हटलं, साहेब, झीरो एफआयआर असतो, नव्या कायद्यात १७३ कलमात लिहिलंय, हद्द बघायची नाही. माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कोणाच्या टायरला टोच्या मारलाय. ‘पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिले ना?’ अहो, फसवणुकीत पैसे स्वतःच्याच हाताने देतात! ओढून नेले असते तर ती चोरी झाली असती. मग ठेवणीतलं वाक्य आलं: ‘लोकांचे सत्तावीस सत्तावीस लाख जातायत, तुम्ही सत्तावीसशे घेऊन आलाय.’ नव्या कायद्यात फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, एवढाच फरक पडलाय. अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

घरी येऊन रागाने डिकीतलं किट उघडलं. पातळाची बाटली सीलबंद, वर तारीख छापलेली, दीड वर्षापूर्वीच उलटून गेलेली. तुमची बाटली आजच बघा. ते पातळ टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या बारीक भोकालाच चालतं, भिंत फाटली तर काही उपयोग नाही. पण त्याच डबीतला छोटा कॉम्प्रेसर सोन्याचा आहे. गाडीच्या सॉकेटला लावा, हवा भरा, दहा मिनिटं थांबून आकडा बघा. आकडा टिकला तर मोठं पंक्चर नाही. उतरत असेल, पण हळूहळू, तर परत भरा आणि गावातल्या दुकानापर्यंत सरळ जा. खिळा दिसला तरी उपटू नका, तोच बूच असतो.

शिवाय मी नाना पेठेतून जुनी स्टेपनी आणली, जॅक आणि पाना वेगळा घेतला. पार्किंगमध्ये सराव केला. पहिला नट हलेना, टायरवाल्यांनी गनने आवळलेला. पान्यावर उभा राहिलो तरी नाही. शेवटी नळाच्या लोखंडी पाइपचा दोन फुटी तुकडा पान्याच्या दांड्यावर चढवला तेव्हा कर्रकन आवाज करून सुटला. तो तुकडा आता डिकीतच असतो. नट आधी सैल करा, गाडी नंतर उचला. मी उलटं केलं होतं, चाकच फिरत बसलं. ४० मिनिटं लागली, वरच्या गॅलरीतून दोघे-तिघे बघत होते.

पुढच्या महिन्यात लग्न, परत तोच रस्ता. हवा घरून भरून निघणार, पंपावर काच खाली करणार नाही, असं सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘तुम्ही या गाडीने. मी एसटीने जाते. मला तिकीट नाही, आणि तिला स्टेपनी तरी असते.’