क्रमांक खरा, पत्र खरं, रायफल मात्र जुळवलेली

जुनी सिंगल शॉट रायफल घेताना नकली माल गळ्यात पडेल, अशी धास्ती प्रत्येकाला असते. मला नकली काहीच मिळालं नाही. रिसीव्हर (सगळी यंत्रणा ज्यात बसते तो मधला सांगाडा) विंचेस्टर या अमेरिकी बंदूक कंपनीचा, नळी विंचेस्टरची, दस्ताही बहुधा विंचेस्टरचाच. फक्त हे सगळं कारखान्यातून एकत्र बाहेर पडलेलं नव्हतं आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. अमेरिकेत हा छंद करणारे मराठी लोक फार नाहीत, पण नव्याने या वाटेला लागलेले कुणी ना कुणी विचारत असतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

थोडी पार्श्वभूमी लागेल. जॉन ब्राउनिंगने १८७९ साली पेटंट घेतलेली रचना विंचेस्टरने १८८३ मध्ये विकत घेतली आणि १८८५ पासून १९२० पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार रायफली बनवल्या. लिव्हर खाली ओढली की ब्रीचब्लॉक, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा, सरळ खाली उतरतो, एक काडतूस सरकवायचं, लिव्हर वर घ्यायची, बस्स. उंच भिंतींचा रिसीव्हर असलेल्या रायफलीला संग्राहक हाय वॉल म्हणतात. तो रिसीव्हर इतका दणकट, की १९३० नंतर लांबून लहान जनावरं टिपणाऱ्या शिकाऱ्यांनी अशा कितीतरी रायफलींच्या जुन्या नळ्या उतरवून .२२ हॉर्नेट किंवा .२१९ झिपरसारख्या वेगवान काडतुसांच्या नळ्या चढवल्या. त्यात गैर काही नाही. मी स्वतः अशाच, आधीच बदललेल्या रिसीव्हरवर कस्टम रायफली बांधून घेतो. अस्सल राहिलेली रायफल कापायची नाही, हा आमच्यातल्या बऱ्याच जणांचा नेम आहे. भानगड सुरू होते ती अशी बदललेली रायफल परत 'मूळ' करून विकायला काढतात तेव्हा. दोन्हींच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: हाय वॉल, .३८-५५, अष्टकोनी नळी, कारखान्यातली मूळ अवस्था, केस हार्डनिंगचे रंग शाबूत, १८९८ पूर्वीची, कोडीचं पत्र मिळू शकतं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथे आहे. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे आहेत. क्रमांक कळवून शुल्क भरलं की त्या क्रमांकाची रायफल कोणत्या काडतुसाची होती, नळी कशी होती, गोदामातून कधी बाहेर गेली, हे ते पत्राने कळवतात. सगळ्या क्रमांकांच्या नोंदी उरलेल्या नाहीत, त्यामुळे 'पत्र मिळू शकतं' एवढ्यानेच माल भारदस्त वाटायला लागतो. पण त्याचा अर्थ इतकाच, की नोंद सापडते. समोरची रायफल त्या नोंदीशी जुळते, असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही. मी मागवलेल्या पत्रात .३८-५५ऐवजी .३२-४० हे वेगळंच काडतूस लिहून आलं. विकणाऱ्याने ते पत्र आधी पाहिलेलं असणार, अशी माझी खात्री आहे. नाहीतर जाहिरातीत पत्रच जोडलं असतं.

दुसरी गोष्ट १८९८ची. इथल्या १९६८च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे १८९८ साली किंवा त्याआधी बनलेली बंदूक 'अँटिक' ठरते आणि परवानाधारक विक्रेत्याच्या मार्फत न जाता थेट घरी येऊ शकते. (राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते ज्याने त्याने पाहावेत.) ही सोय म्हणून सांगितली जाते आणि ती आहेही. पण नंतरच्या काळातली रायफल परराज्यातून आली तर ती आधी तुमच्या गावच्या विक्रेत्याच्या टेबलावर उघडते, चार जाणती माणसं ती हातात घेतात. अँटिकच्या बाबतीत हे मधलं टेबलच नाहीसं होतं. शिवाय कायदा रिसीव्हरचं वय पाहतो. नळी कालपरवा बसवलेली असली तरी रायफल अँटिकच.

आता परतीची अट. 'तीन दिवस तपासा. मात्र रायफल झाडलेली किंवा उघडलेली असल्यास पैसे परत नाहीत.' सगळे विक्रेते असंच काहीतरी लिहितात आणि वरवर ते रास्त वाटतं. पण सुरुवातीच्या हाय वॉलमध्ये घोड्याची चपटी स्प्रिंग नळीच्या खालच्या अंगाला खाच पाडून बसवलेल्या तुकड्यावर टेकते. ती खाच जुनी की काल कानशीने पाडलेली, हे पुढचं लाकूड काढल्याशिवाय दिसत नाही. रिसीव्हरचे आतले रंग दस्ता उतरवल्याशिवाय दिसत नाहीत. म्हणजे ज्या दोन ठिकाणी लबाडी उघडी पडते, नेमक्या त्याच दोन ठिकाणी हात लावायला बंदी. माझ्या मते ही अट म्हणजेच त्या धंद्याचं मूळ भांडवल.

पत्र हातात आल्यावर मी एका जुन्या कारागिराकडे रायफल नेली. लिव्हर खाली ओढताच तो थांबला. ब्रीचब्लॉकच्या तोंडावर फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणाऱ्या पिनच्या) भोवती एक बारीक कडं दिसत होतं. मूळ पिन जाड असते. जास्त दाबाच्या काडतुसांना ती चालत नाही, म्हणून भोक बुजवून बारीक पिनसाठी बुश, म्हणजे छोटं कडं, बसवतात. काम सुबक होतं, पण .३८-५५सारख्या कमी दाबाच्या काडतुसाला त्याची गरज काय? त्या रिसीव्हरने मधल्या काळात दुसरा संसार केलेला होता.

मग नळी. ब्रीचजवळ भिंगातून पाहिलं तर घासून पुसट केलेल्या लंबवर्तुळात डब्ल्यू-पी ही अक्षरं, म्हणजे विंचेस्टरचा चाचणीचा ठसा. विंचेस्टरने हा ठसा १९०५ पासून मारायला सुरुवात केली. रिसीव्हर १८९०च्या दशकातला, नळी १९०५ नंतरची. विक्रेत्याचं यावरचं उत्तर तयार होतं: रायफल दुरुस्तीला कारखान्यात परत गेली असेल. असं घडायचं, हे खरं आहे. पण मग ठसा घासायचं कारण काय, यावर तो गप्प बसला.

सगळ्यात संताप आला तो रंगांचा. केस हार्डनिंगच्या खऱ्या पद्धतीत रिसीव्हर हाडांच्या आणि लाकडाच्या कोळशात पुरून भट्टीत तापवतात आणि पाण्यात सोडतात. मऊ पोलादाच्या कातडीत कार्बन मुरतो, वरचा थर कठीण होतो आणि निळे, तपकिरी, राखाडी रंग आतबाहेर सगळीकडे उमटतात. माझ्या रायफलीवर रंग होते ते फक्त नजरेला पडणाऱ्या भागावर. दस्त्याखाली करडं, कोरं पोलाद. म्हणजे टॉर्चने तापवून वरवर काढलेली रंगोटी. हे नुसतं दिसण्यापुरतं खोटं असतं तर एकवेळ सोडून दिलं असतं. पण अशा आचेने जुनी कठीण कातडी मऊ पडू शकते आणि गोळी सुटताना तो रिसीव्हर झाडणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो.

लाकडाबद्दल थोडक्यात: विंचेस्टरचं लाकूड धातूपेक्षा किंचित उंच ठेवलेलं असे. ते धातूखाली गेलेलं दिसलं तर पॉलिश पेपर फिरलाय असं समजा. स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या असतील तर बफिंगचं चाक फिरलंय.

पैसे परत मागितले तेव्हा 'उघडली' हे एकच उत्तर आलं. पावती काढून पाहिली तर तीवर फक्त 'विंचेस्टर सिंगल शॉट, अँटिक'. 'मूळ' हा शब्द कुठेच नाही आणि जाहिरात तोवर उतरवलेली. सुदैवाने तिची चित्रं मी जपून ठेवली होती. पैसे मनीऑर्डरने दिले होते, कारण कार्डावर जादा आकार लागेल असं त्याने सांगितलं होतं. तो जादा आकार मी आता आनंदाने देतो. कार्ड कंपनीकडे निदान वाद तरी घालता येतो. पैसे आणि कागद टपालाने गेले असतील तर इथल्या पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार करता येते, आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडेही. मी दोन्हीकडे केली.

हल्ली पैसे पाठवण्याआधी मी विक्रेत्याला लेखी विचारतो: नळी याच रिसीव्हरवर कारखान्यात बसवलेली आहे का, रंग नव्याने केलेत का, ब्रीचब्लॉकला बुश आहे का, आणि पुढचं लाकूड उतरवून नळीच्या खालच्या बाजूचा फोटो मिळेल का. उत्तरं पावतीवर उतरवून मागतो. खरा जाणकार विक्रेता यावर चिडत नाही, उलट खूश होऊन दहा फोटो पाठवतो. 'माझ्या माहितीप्रमाणे' असं सुरू झालं की मी पुढे वाचत नाही. हॅरी पोप या नामांकित नळी-कारागिराने बनवलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या नळ्यांबाबत तर दुप्पट सावध राहा. पोपचं नाव इतकं मोठं आहे, की त्याचा ठसा खोटा मारणं परवडतं.

तक्रारींचा निकाल अजून लागलेला नाही. रायफल मी एकदाही झाडलेली नाही. कठीणता तपासायला रिसीव्हर दिलाय. ठीक निघाला तर त्यावर हलक्या दाबाच्या काडतुसाची कस्टम रायफल बांधेन आणि नळीच्या खालच्या बाजूला, लाकडाआड, केलेला प्रत्येक बदल सालासकट कोरून घेईन. नाही निघाला, तर ब्रीचब्लॉक काढून ठेवून नुसता सांगाडा नवख्यांना दाखवायला वापरेन.