बी५५० बोर्ड, तोच रायझन ५६००, तोच कूलर: आठ महिन्यांनंतर

माझ्या डेस्कटॉपच्या जुन्या बी४५० मदरबोर्डाचे रॅमचे दोन स्लॉट मेले, म्हणून ऑक्टोबरमध्ये फक्त बोर्ड बदलला. रायझन ५ ५६०० हा एएमडीचा प्रोसेसर, त्याच्या खोक्यात आलेला रेथ स्टेल्थ कूलर, रॅम, एसएमपीएस (पॉवर सप्लाय) सगळं जुनंच. नवा तेवढा मायक्रो एटीएक्स बी५५०. रोज दहा-बारा तास चालतो. बोर्ड चांगलाच आहे, पण मशीन नीट चालणार की नाही हे कूलर काढण्या-बसवण्याच्या अर्ध्या तासात ठरतं, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी खरेदीचं. बी५५० बाजारात आला जून २०२० मध्ये आणि रायझन ५००० मालिका त्याच वर्षी नोव्हेंबरात. दुकानात पडून राहिलेला जुना माल असेल तर त्यातला बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) ५६०० ला ओळखणारच नाही. म्हणून प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येईल असं बटण मागच्या बाजूला असलेलाच बोर्ड घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा आणि फाइलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव द्यायचं. बायोस एजीसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा त्यापुढचाच हवा. एफटीपीएममुळे (चाव्या सांभाळणारी सुरक्षा सोय) विंडोज मध्येच अडखळायची, ते त्यात दुरुस्त झालं.

जुनं मशीन चालू आहे तोवर दोन कामं उरका. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन) असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरता थांबवा. एफटीपीएमच्या चाव्या जुन्या बोर्डाबरोबर जातात, नव्या बोर्डावर विंडोज ती की मागते आणि नसेल तर डेटा गेला. दुसरं, विंडोजचा परवाना आपल्या खात्याला जोडून ठेवा.

आता कूलर. ५६०० ज्यात बसतो त्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसरला वरून दाबून धरणारी लोखंडी चौकट नसते. सॉकेटच्या बाजूची दांडी खाली केली की प्रोसेसरच्या १३३१ पिना बाजूने चिमटल्या जातात, पकड म्हणायची ती एवढीच. त्यानंतरच्या एएम५ वर किंवा इंटेलच्या बोर्डावर ही भीती नाही. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांत वाळून चिकट झालेली असते. कूलर सरळ वर ओढला की दांडी बंद असतानाही प्रोसेसर त्याला चिकटून उपटून येतो, आणि जरा तिरका आला की कडेच्या पिना वाकल्याच.

म्हणून मशीन आधी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण लोडवर तापवा. मग बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्या आणि पेस्ट कोमट असतानाच स्क्रू सोडवा. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, एकेकाला दोन-दोन फेरे देत. सुटले की कूलर उचलायचा नाही. दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा पिळायचा. पेस्टची पकड सुटते तेव्हा हाताला एकदम हलकं लागतं. तेव्हाच वर घ्या.

तरीही प्रोसेसर चिकटून आलाच तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. हेअर ड्रायरने गरम करा आणि दात साफ करायचा दोरा मधून ओढा. वाकलेली पिन लेड काढलेल्या ०.७ च्या पेनपेन्सिलीच्या टोकात घालून हळूहळू सरळ होते, पण पुन्हा पुन्हा इकडे-तिकडे केली तर तुटते.

जुनी पेस्ट ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुवास घातलेले असतात, त्यांचा थर राहतो.

नव्या बोर्डावर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. रेथ स्टेल्थला त्या काढाव्या लागतात, आणि त्यांचे चार स्क्रू काढले की बोर्डामागची लोखंडी प्लेट मोकळी होऊन पडते. बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून काम केलं तर प्लेट खालून टेकलेली राहते. म्हणून कूलर कॅबिनेटबाहेरच बसवावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा, दांडी उभी ठेवा; प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बोटाने दाबावा लागत असेल तर थांबा आणि पिना पाहा.

पेस्ट किती? मध्ये हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका आणि चार कोपऱ्यांकडे ज्वारीच्या दाण्याहून लहान चार. ५६०० मध्ये कोअर असलेली चिप मधोमध नसून एका बाजूला आहे, त्यामुळे मध्येच थेंब टाकून कोपरे कोरडे राहिले तर नेमकी तीच बाजू तापते. कूलर सरळ खाली टेकवा आणि स्क्रू पुन्हा समोरासमोर, दोन-दोन फेरे, स्वतःहून थांबेपर्यंत आवळा. दाब किती ते स्प्रिंग ठरवते, त्यापुढे जोर लावून काही मिळत नाही. एक कोपरा आधी पूर्ण आवळला की पेस्ट एकीकडे सरकते, आणि ‘नवी पेस्ट लावूनही तापतंय’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच असतं.

कॅबिनेटमध्ये दोनच गोष्टी सांभाळा. आधीचा बोर्ड मोठा असेल तर जास्तीचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) काढा, नाहीतर खालून शॉर्ट होईल. आणि प्रोसेसरची आठ पिनांची वायर (४+४) आधीच वर आणून ठेवा; ग्राफिक्स कार्डाची ६+२ वाली ती वेगळी. पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा मिनिटभर काळाच राहतो, बोर्ड रॅम जुळवत असतो. घाबरून बंद करू नका.

आकडे असे. वाळलेल्या पेस्टवर पूर्ण लोडला ८९-९० अंश, म्हणजे या प्रोसेसरची मर्यादाच, आणि वेग खाली येत होता. बदलल्यावर खोली २७ अंश असताना ८०. फेब्रुवारीत तेवढ्याच तापमानाला ८१. स्क्रू पुन्हा आवळावे लागले नाहीत. एक त्रास मात्र सुरुवातीपासून होता: ब्राउझर उघडला तरी तापमान क्षणात ४० वरून ५५ ला उडी मारतं आणि पंखा सारखा वर-खाली होतो. बायोसमध्ये ६० अंशांपर्यंत पंख्याचा वेग सपाट ठेवला आणि प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर दिला, तेव्हा शांतता झाली.

मे महिन्यात खोली ३७ ला गेल्यावर पुन्हा ८८-८९ दिसायला लागलं. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा कूलर उन्हाळ्यात पुरणार नाही, हे स्पष्ट सांगतो. टॉवर कूलर (उंच, मोठा कूलर) घ्या, म्हणजे काढून ठेवलेल्या त्या पट्ट्या कामाला येतील. बऱ्याच टॉवर कूलरना त्याच लागतात. तोवर बायोसमध्ये ४५ वॉटचा इको मोड (प्रोसेसरला कमी वीज देणारा) लावला की आठ-दहा अंश उतरतात आणि रोजच्या कामात फरक कळत नाही.

पावसाळ्याआधी ब्लोअरने धूळ काढली, पंख्याचं पातं बोटाने धरून. हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) हलवला नाही. उगाच सैल केला तर पेस्टचा थर मोडतो. खोलीचं तापमान तेच असताना आकडा पाच-सहा अंशांनी वाढला, तरच पुन्हा उघडणार.