संख्येचे गुणधर्म दाखवणारं अॅप: अवयव चोख, शिक्का कच्चा

पाचपैकी तीन तारे. चौथा देणार होतो, ३२१५०३१७५१ ने घालवला.

आधी चांगलं सांगतो. संख्या टाकली की मूळ अवयव, विभाजक किती, त्यांची बेरीज, द्विमान रूप (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेलं) असं सगळं एका पानावर येतं. जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. ३३५५०३३६ टाकून बघा. २ चा बारावा घात गुणिले ८१९१, विभाजक २६, आणि वर 'परिपूर्ण संख्या' अशी पट्टी. पट्टीवर बोट ठेवलं की ती संख्या स्वतः सोडून उरलेले २५ विभाजक एकाखाली एक मांडले जातात आणि बेरीज बरोब्बर ३३५५०३३६ भरते. द्विमान रूपात तेरा वेळा १ आणि पुढे बारा शून्यं. परिपूर्ण संख्या बनवायचं युक्लिडचं सूत्र शिकवायला याहून वेगळा फळा नको.

आता ३२१५०३१७५१. वर हिरव्या अक्षरांत 'मूळ संख्या', आणि त्याच पानावर खाली अवयव: १५१ × ७५१ × २८३५१. अहो, ठरवा काहीतरी! अवयव बरोबर आहेत, मी कागदावर गुणून पाहिलं. शिक्का चुकलाय. कारणही उघड आहे: मिलर-राबिन चाचणी (अवयव न पाडता संख्या मूळ आहे का ते झटपट तपासायची पद्धत; ज्या आकड्यांनी तपासतात ते तिचे पाये) फक्त २, ३, ५ आणि ७ या पायांवर चालवलेली दिसते. अडीच हजार कोटींच्या आत या चौघांनाही चकवणारी संयुक्त संख्या एकच, ती हीच. पाचवा पाया ११ घेतला असता तर दोन लाख कोटींच्या पुढेपर्यंत निकाल पक्का झाला असता. ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या घेतल्या, तर ६४ बिटांत (संगणकातल्या ६४ शून्य-एकांच्या जागेत) मावणारी कुठलीच संख्या फसवू शकत नाही. एवढ्या कामाला फोनला किती वेळ लागणार?

दुसरी खोट जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ टाका. अंकांची बेरीज ७८, म्हणजे ३ ने भाग जायलाच हवा. अॅप म्हणतं, सम संख्या, २ चा ५३ वा घात! टाकलेला शेवटचा ३ गुपचूप २ झालेला असतो. संख्या आत जाताना फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे ठरावीक अंकांपर्यंतच अचूक राहणाऱ्या रूपात, साठवत असणार, आणि २ च्या ५३ व्या घातापुढे तिथे प्रत्येक पूर्णांकाला जागा नसते. निदान 'एवढी मोठी संख्या झेपत नाही' असं तरी लिहा की. चुकीचं उत्तर ठामपणे देण्यापेक्षा ते परवडलं.

पंधरा अंकांपर्यंत अवयव पाडायला खुशाल वापरा. मात्र विभाजकांची बेरीज टाकलेल्या आकड्याच्या कितीतरी पट होऊ शकते, तेव्हा ती सोळा अंकांत गेली की हाताने पडताळा घ्या.