बाळाच्या चायना व्हिसासाठी एजंटकडे गेलो आणि फसलो, तुम्ही जाऊ नका

मी मूळचा साताऱ्याचा, राहतो न्यू जर्सीत, बायको चीनमधल्या हांगचौची. दोघंही एच-१बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. मुलगी इथेच झाली म्हणून तिचा पासपोर्ट अमेरिकन. बायकोच्या आजीला ऐंशी पूर्ण होणार होती, आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शन करतात तसा तिकडेही हा वाढदिवस मोठा असतो, आणि आजीला पणती बघायची होती, म्हणून आम्ही आधी तिकिटं काढली आणि मग कागदपत्रांच्या मागे लागलो. इथेच पहिली चूक झाली.

बायकोच्या वीचॅट ग्रुपवर कोणीतरी न्यूयॉर्कच्या फ्लशिंगमधल्या एका एजंटचा नंबर दिला. तो म्हणाला, बाळाचा पासपोर्ट अमेरिकन आहे ना, मग त्यावर व्हिसा घ्यायचा, दोन आठवड्यांत काम होईल. आम्हाला पटलं. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाचं आपण ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढतो तसंच काहीतरी असेल असं मी धरून चाललो. ४०० डॉलर झेलवरून (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) पाठवले, मग अर्जंट म्हणून अजून ५५०. बाळाचा पासपोर्ट आणि ओरिजिनल बर्थ सर्टिफिकेट त्याच्या हातात दिलं. फॉर्मचं फक्त शेवटचं पान त्याने सहीसाठी पुढे केलं, बाळ मांडीवर रडत होतं, बायकोने सही केली.

घरी आल्यावर तिला चैन पडेना. चार दिवस मागे लागून तिने पूर्ण फॉर्मचा फोटो मागवला. रात्री किचनच्या ओट्यापाशी उभी राहून मोबाईलवर झूम करून वाचत होती आणि एकदम गप्प झाली. बाळाच्या जन्माच्या वेळी आईचं स्टेटस काय, तिथे त्याने ग्रीन कार्ड लिहिलं होतं. आमच्याकडे ग्रीन कार्ड नाहीये! आणि खाली सही तिची.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक याच एका गोष्टीवर उभी आहे. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिथल्या १९८० च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आई किंवा वडील चिनी नागरिक असतील तर परदेशात जन्मलेलं मूलही चिनीच. अपवाद एकच, तो चिनी पालक परदेशात कायमचा स्थायिक असेल (अमेरिकेत म्हणजे ग्रीन कार्ड) आणि मुलाला जन्मतःच तिथलं नागरिकत्व मिळालं असेल, तर ते चिनी धरत नाहीत आणि मग व्हिसा लागतो. आमच्यासारखे एच-१बी वाले किंवा स्टुडंट व्हिसावाले असतील तर बाळाला व्हिसा मिळतच नाही, चीनचं ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढावं लागतं, पासपोर्टसारखंच छोटं पुस्तक असतं, २ वर्षं चालतं. म्हणजे तो माणूस जे विकत होता ते आमच्या बाळाला मिळणारच नव्हतं.

जाब विचारला तर म्हणे सगळे असंच करतात, ग्रीन कार्डची कॉपी मीच "तयार" करून देतो, अजून ६०० द्या. नको म्हटलं तर कागद परत द्यायचेही पैसे मागायला लागला. मी ऑफिसला सुट्टी टाकून त्याच्या दुकानात तीन तास बसून राहिलो, पोलिसांना फोन लावतो म्हटल्यावर त्याने ड्रॉवरमधून पाकीट काढून टेबलावर टाकलं. पासपोर्ट, सर्टिफिकेट आणि तो सही केलेला फॉर्म, तिन्ही होतं. नशीब की अजून सबमिट केला नव्हता, नाहीतर खोटी माहिती दिली म्हणून बायकोच अडकली असती. पैसे गेले ते गेलेच, बँक म्हणाली झेलवरून तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी अमेरिकन सरकारी संस्था) तक्रार केली आहे.

नंतर आम्ही चीन सरकारच्या चायना कॉन्सुलर अ‍ॅपवरून ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी स्वतःच अर्ज केला. बर्थ सर्टिफिकेट, दोघांचे पासपोर्ट, आमच्या इथल्या स्टेटसचा पुरावा, बाळाच्या राष्ट्रीयत्वाबद्दलचं घोषणापत्र आणि फोटो. फोटोलाच जास्त वेळ गेला, पांढऱ्या चादरीवर झोपवून तीस-चाळीस काढले तेव्हा एकात डोळे उघडे आणि तोंड बंद मिळालं. एजंटची कुठेच गरज पडली नाही.

कोणी एजंट तुम्हाला बाळाच्या जन्माच्या वेळचं स्टेटस न विचारताच "व्हिसा करून देतो" म्हणाला तर तिथूनच उठा. ओरिजिनल कागद हातचे सोडू नका आणि फॉर्मचं प्रत्येक पान वाचल्याशिवाय सही करू नका, बाळ कितीही रडत असलं तरी.

आजीचा वाढदिवस मात्र हुकला. त्या दिवशी तिने व्हिडिओ कॉलवर स्क्रीनला बोट लावून बाळाचा गाल चाचपला, आणि बायको फोन ठेवल्यावर बराच वेळ बाथरूममधून बाहेर आली नाही.