मोटर जळालेली नव्हती, तरी ₹४,४०० गेले!

१२ व्होल्टच्या छोट्या गिअर मोटरसाठी बुधवार पेठेतल्या एका दुकानातून ‘१० अँपिअर’चा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा सप्लायचा डबा) ₹१,४५०, ‘दीड एमएम कॉपर’ (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची) वायर ₹६००, जोडणी ₹५००. मोटर रखडली, तेव्हा दुकानाचा माणूस म्हणाला, ‘जळाली’. नवी मोटर ₹१,८५०. तीही तशीच रखडली.

त्याने मोटरची वायर काढून एसएमपीएसवर मीटर लावला आणि दाखवला: १२.१. ‘बघा, सप्लाय ओके.’ संताप होतो तो इथेच! लोड काढल्यावर कुठलाही भंगार सप्लाय १२ दाखवतोच. मोटर चालू ठेवून मोजायला हवं होतं आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. डब्यावर १० अँपिअर छापलेलं. गिऱ्हाईक काय काउंटरवर डबा उघडून बघणार?

लोडवर मोजलं, तर सप्लायच्या टर्मिनलवर १०.३ आणि मोटरपाशी ७.४. मोटर घेत होती जेमतेम ३ अँपिअर. म्हणजे जवळजवळ ३ व्होल्ट वायरनेच खाल्ले. अंतर १२ मीटर, जाऊन-येऊन २४. खरी दीड एमएम तांब्याची वायर असती, तर एक व्होल्टही पडला नसता. ब्लेडने तार खरवडली: वरून तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम. छेदही निम्माच. जुनी मोटर बाइकच्या चार्ज बॅटरीवर आखूड वायरने, मध्ये फ्यूज टाकून लावली, तर झक्कास फिरली.

सप्लाय घेताना दुकानातच १२ व्होल्ट ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब लावायला सांगा. तो साडेचार अँपिअर ओढतो. १० अँपिअरच्या सप्लायला असे दोन लावा, पण दुसरा लगेच जोडू नका, पहिला पूर्ण पेटू द्या. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी जास्त करंट घेतं आणि चांगला सप्लायही ट्रिप होतो. दोन्ही पेटल्यावर दहा मिनिटं सप्लायचं व्होल्टेज साडेअकराच्या खाली येता कामा नये. दुकानदार नाही म्हणाला, तर उठा तिथून.

पोलीस चौकीत उत्तर मिळालं, ‘ही दिवाणी बाब आहे.’ एका सरकारी कार्यालयात अर्ज हातातही न घेता विचारलं, पावतीवर १० अँपिअर कुठे लिहिलंय? पावतीवर नुसतं ‘इलेक्ट्रिक सामान’. अहो, पावती दुकानदार लिहितो! फसवणाराच पुरावा लिहून देणार का? तिथून दुसऱ्या टेबलावर, मग ‘साहेब मीटिंगमध्ये’, मग ‘ऑनलाइन करा’. मोटर रखडलेली, मीटरवरचे आकडे समोर, आणि कुणाला बघायचंही नाही.

म्हणून पावतीवर व्होल्ट, अँपिअर, वायरचा एमएम आणि ‘तांबं’ लिहून घ्याच. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर फी नाही, मुदत २ वर्षं. आणि कुणी मोटर ‘जळाली’ म्हटलं, तर जुनी त्याला नेऊ देऊ नका.