मिंट की एलिमेंटरी?

लिनक्स मिंट आणि एलिमेंटरी ओएस या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या, लिनक्सवर आधारलेल्या दोन ऑपरेटिंग सिस्टीम. नुसत्या दिसण्यावर निकाल लावायचा तर एलिमेंटरी ओएस बाजी मारते. वर पातळ पट्टी, खाली डॉक (अ‍ॅप्सच्या आयकॉनची पट्टी), डेस्कटॉपवर एकही आयकॉन नाही. सगळं कसं नीटनेटकं. पण विंडो बंद करायचं बटण डाव्या कोपऱ्यात, मोठी करायचं उजव्या कोपऱ्यात, आणि मिनिमाइझचं बटण मुळात दिलेलंच नाही! विंडोजवर हात बसलेला माणूस सुरुवातीला हमखास चाचपडतो.

लिनक्स मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, त्यामानाने साधा. मेनू खाली डावीकडे, घड्याळ उजवीकडे, सगळं ओळखीचं. थीम आणि रंग सेटिंग्जमधून बदलता येतात, त्यामुळे रूप खुलवणं आपल्या हातात. शिवाय टाइमशिफ्ट हे साधन सोबतच येतं: अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या स्थितीत नेता येते (त्यासाठी आधी स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या वेळची प्रत, घेतलेला हवा, आणि तेच राहून जातं).

दोन्हींचा पाया उबुंटू ही लिनक्स सिस्टीमच. खरा फरक कळतो तो नवी मोठी आवृत्ती आल्यावर: मिंट आहे तिथेच अपग्रेड होतं, एलिमेंटरी मात्र नव्याने इन्स्टॉल करावी लागते. नवशिक्याला मी मिंटच देईन. एलिमेंटरीचा मोह आवरत नसेल तर आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा.